उंदीरखाऊ बा शोंगा आणि गुप्त ठिकाणाची सहल

आमच्या कासामा गावात कुणी मेलं की एक निरोप चर्चच्या पाळकाकडे जातो, एक सुताराकडे आणि एक बा शोंगांकडे; आदराच्या माणसाला आम्ही बा म्हणतो. पाळक उशिरा आला तरी चालतं. तो त्याच्या स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला होता. सुतारासाठीही थांबता येतं. बा शोंगा आल्याशिवाय मात्र आमच्या गल्लीतले लोक पेटी उचलत नसत.

कारण असं की आम्ही बेम्बा जमातीचे आणि ते न्गोनी. आमच्या पणजोबांनी आणि त्यांच्या पणजोबांनी एकमेकांना भाल्यांनी भरपूर भोसकून घेतलं आणि हात दुखायला लागल्यावर ठरवलं की आता भाले पुरे, ह्यापुढे फक्त शिव्या. तेव्हापासून बेम्बा आणि न्गोनी थट्टेचे सोयरे आहेत. न्गोनी दिसला की आपण त्याला उंदीरखाऊ म्हणायचं, त्यानं आपल्याला माकडखाऊ म्हणायचं. कुणी रागवायचं नाही. आणि मर्तिकाला तर सोयऱ्यानं यायलाच हवं. त्यानं यायचं, मेलेल्याची नक्कल करायची, खड्ड्यात उतरून आडवं व्हायचं, "घर झकास आहे, मीच राहतो, तुम्ही दुसरं खणा" म्हणायचं, आणि एखादी कोंबडी कबूल करून घेतल्याशिवाय वर यायचं नाही. रडता रडता घरच्यांना हसू फुटलं पाहिजे. ते फुटलं की मग ती माणसं नीट रडतात.

आमच्या भागात न्गोनी म्हणावेत असे बा शोंगा एकटेच. त्यामुळे एवढ्या बेम्बांचं हसू त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. तरुणपणी रस्त्याच्या कामावर पूर्वेकडून इकडे आले, रस्ता पुढे गेला आणि हे मागे राहिले. बाजाराच्या कोपऱ्यावर झाडाखाली सायकली दुरुस्त करत. उंच, काटकुळे, समोरचा एक दात गायब, आणि उन्हाळा असो की थंडी, अंगात एक तपकिरी कोट. कोटाच्या खिशात पाने, आऱ्या, पंक्चरचे तुकडे. चालायला लागले की सायकल आली असं वाटून लोक बाजूला होत.

बाना चिबेसाचा नवरा वारला तेव्हाची गोष्ट अजून सांगतात. बाना चिबेसा म्हणजे चिबेसाची आई. बाजारात गुलगुले तळते, आवाज असा की तेलातला गुलगुला दचकून उलटा होतो. नवरा गेला तेव्हा मात्र ती जमिनीकडे बघत बसली होती, डोळ्यांतून टिपूस नाही. बा शोंगा आले ते मेलेल्याचीच टोपी घालून, त्याच्यासारखेच एक पाय ओढत, आणि तिच्यासमोर फतकल मारून बसले. "काय गं, गुलगुले आजही करपवलेस? ह्या घरात मरायचीसुद्धा सोय नाही, उपाशीपोटी जावं लागतं!" बाई आधी बघत राहिली. मग फस्सकन हसली, मग पायातली चप्पल काढून त्यांच्या पाठीत हाणली, आणि मग असा हंबरडा फोडला की शेजारच्या गल्लीतल्या बायका धावत आल्या. त्या दिवसापासून दोघांचं एवढं जमलं की दिवसातून एकदा तरी ती त्यांना शिव्या दिल्याशिवाय कढई उतरवत नसे.

बा शोंगांची बायको लवकर गेली. तिच्या मर्तिकाला म्हणे सगळी बेम्बा मंडळी सोयरेपण करायला लोटली होती आणि हे इतके हसले की धरून ठेवावं लागलं. मागे राहिला एक मुलगा, जाइलोस. त्याला ह्या माणसानं सायकलीच्या कॅरिअरवर बसवून वाढवला. पोरगा शिकला, म्पिकाला रेल्वेच्या कारखान्यात फिटर लागला, तिथल्याच एका बेम्बा मुलीशी लग्न केलं. "माझ्या पोरानं माकडांच्यात सोयरीक केली," बा शोंगा ज्याला त्याला सांगत आणि छाती अशी काढत की कोटाची बटणं ताणली जात.

ह्या जाइलोसनंच बापाला संध्याकाळच्या शाळेत घातलं. मोठ्यांचा नववीचा वर्ग. आम्ही डझनभर जण होतो, मी, बाना चिबेसा, दोन शिंपी, एक पोलीस, असे सगळे लहानपणी कुठे ना कुठे सुटून गेलेले. शिकवायला तीन शिक्षक, आणि त्यांच्या डोक्यावर कापेम्ब्वा मॅडम. मॅडम मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. थट्टेच्या सोयरेपणाला त्या "गोंगाट" म्हणत. बा शोंगा वर्गात उशिरा आले की खडू आपटून विचारत, "मिस्टर शोंगा, आज कुणाची सायकल?" आणि बा शोंगा उत्तर देत, "सायकल नाही मॅडम, गाढव होतं. बेम्बा माणूस बसला होता, कुठला कोण ते कळेना." वर्ग खदखदायचा आणि बाना चिबेसा पाटीनं त्यांना मारायची.

वर्षाअखेरीला सहल काढायचं ठरलं. आदल्या वर्षी ठिकाणावरून इतकी भांडणं झाली होती की सगळं ठिकाण ठरवण्यातच संपलं आणि कुणी कुठे गेलंच नाही. म्हणून मॅडमनी ह्या वर्षी जाहीर केलं, "ठिकाण गुप्त. शनिवारी सकाळी बस येईल, बसायचं. कुठे नेते ते मी आणि ड्रायव्हर, दोघंच जाणतो."

झालं, वर्गाला खाद्य मिळालं.

"मॅडम आपल्याला काकांच्या शेतावर खुरपायला नेणार," बा शोंगा म्हणाले. "बेम्बांची फुकट मजुरी काढायची ही जुनी रीत आहे."

"तुला न्यायला शेत कशाला लागतंय?" बाना चिबेसा मागून ओरडली. "एक बीळ दाखवलं की तू दिवसभर तिथे तोंड घालून बसशील."

"आणि वाटेत झाडं लागली तर तुला फांदीवरून उतरवायला क्रेन कोण आणणार?"

ह्या पद्धतीनं पंधरवडा गेला. ठिकाण खरं म्हणजे चिशिम्बाचे धबधबे होतं. सहलीच्या आदल्या संध्याकाळी ते बदललं.

त्या संध्याकाळी मॅडम माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी वही दुकानातच राहिली वगैरे कारणं तयार करायला लागलो. त्या म्हणाल्या, "जाइलोस गेला."

"कुठे गेला?" मी विचारलं. माणूस काहीही विचारतो.

ताप डोक्यात गेला होता. दोन दिवसांत आटोपलं. जाइलोसच्या सासऱ्यांनी, बा चिलेक्वांनी, म्पिकाहून मॅडमना फोन केला होता, कारण बा शोंगांकडे फोन नव्हता आणि मुलानं शाळेचाच नंबर लिहून ठेवला होता. सासऱ्यांनी निक्षून सांगितलं होतं की बापाला वाटेत काही कळता कामा नये. आमच्याकडे बापाला मुलाचा मृत्यू रस्त्यात सांगत नाहीत, निरोप्याकरवी तर नाहीच. त्याला घरी आणायचं, बसवायचं, त्याची रक्ताची माणसं दोन बाजूंना बसवायची आणि मग थोरल्यानं सांगायचं. पडला तर धरायला हात हवेत. बा शोंगांचा धाकटा भाऊ पूर्वेकडच्या चिपाटाहून निघाला होता. शनिवारी दुपारपर्यंत तो पोचणार होता आणि तोपर्यंत आम्ही बापाला पोचवायचं होतं.

"मग सहल?" मी विचारलं.

"सहल होणार," मॅडम म्हणाल्या. "ठिकाण तसंही गुप्तच आहे."

एकाअर्थी खोटं कुणालाच बोलावं लागत नव्हतं. फक्त गुप्ततेच्या आतला ऐवज बदलला होता. मॅडम त्या संध्याकाळी दारोदार फिरल्या आणि प्रत्येकाला एकच गोष्ट बजावली, "उद्या त्यांना जपायचं. ते विनोद करतील, हसायचं. उलटून कुणी काही बोलायचं नाही." बाना चिबेसाच्या दारात त्या जरा जास्त वेळ थांबल्या. "बाना चिबेसा, तुम्हाला विशेष सांगते आहे. उद्या तोंडाला कुलूप."

बाना चिबेसानं मान हलवली. आम्ही सगळ्यांनीच हलवली. त्या क्षणी ती सूचना इतकी शहाणपणाची वाटली की तिच्यात काही खोट असेल असं एकाही बेम्बाच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी बा शोंगा सगळ्यांच्या आधी फाटकावर हजर. कोट धुतलेला, आणि म्हणून अजून ओला. बस आली. आम्ही त्यांना पुढची, खिडकीची जागा दिली. त्यांनी जागेकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

"ही जागा मला? का, खिडकी पडणार आहे वाटतं?"

आम्ही हसलो. सगळेच्या सगळे, एकदम. पोलीस तर मांडीवर थाप मारून हसला.

बाकांखाली मक्याच्या पिठाची पोती होती, कोबीचे गड्डे होते, तेलाचे डबे, जळण. मर्तिकाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. बायकांनी कमरेच्या चितेंगेवर, म्हणजे लुंगीसारख्या कापडावर, गुंडाळायला आणखी एकेक चितेंगे काखेत घेतलेलं, कारण त्या घरात जमिनीवर बसायचं असतं. मॅडमनी वरून, दिसेल असं, थंड पेयांचं खोकं ठेवलं होतं.

"मॅडम, एवढं पीठ?" बा शोंगा वाकून बघत म्हणाले. "सहल आहे की लढाई?"

"भूक लागते हो प्रवासात," एक शिंपी म्हणाला.

"बेम्बांना लागते खरी. मागच्या वेळी भूक लागली तेव्हा आख्खं जंगल मुकं झालं होतं, एक माकड ओरडेना."

पुन्हा हशा. बा शोंगा थांबले. इथे बाना चिबेसानं काहीतरी म्हणायचं असतं. ते त्यासाठी जागा सोडून, मान वळवून वाट बघत राहिले. ती हसत होती. डोळे पुसण्याइतकी हसत होती.

"काय गं, बरी आहेस ना?"

"छान बोललात, बा शोंगा," ती म्हणाली.

मी आयुष्यात तिला त्यांच्याशी "बोललात" म्हणताना ऐकलं नव्हतं. कढईतला गुलगुला इंग्रजी बोलायला लागावा तसं वाटलं.

बस धबधब्यांच्या बाजूला न वळता दक्षिणेला लागली तसे बा शोंगा उठून उभेच राहिले. "म्पिकाचा रस्ता! ओळखलं! गरम पाण्याचे झरे! मॅडम, ठिकाण फुटलं तुमचं!" आणि मग जरा लाजून, हात चोळत, "एक विनंती होती. येताना पाच मिनिटं म्पिकात थांबायचं का? जाइलोसला दाखवायचं होतं. त्याला खरं वाटत नाही की बापाला शिक्षक लोक बसमधून हिंडवतात."

मॅडम पुढे रस्त्याकडे बघत होत्या. "थांबू," त्या म्हणाल्या. "नक्की थांबू."

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. दुसरं काय करायचं सुचत नव्हतं. त्यानंतर बा शोंगांनी एकामागून एक विनोद केले. काही बरे होते, काही अगदीच भिकार. मुद्दाम भिकार, असं मला आता वाटतं. एक तर त्यांनी दोनदा सांगितला. आम्ही दोन्ही वेळा हसलो.

चाम्बेशी नदीच्या पुलापाशी ड्रायव्हरनं इंजिनात पाणी घालायला बस थांबवली. तिथे रस्त्याकडेला बायका भाजलेले मासे घेऊन बसलेल्या असतात. पाय मोकळे करायला बा शोंगा उतरले, त्यांच्या मागे बाना चिबेसा, तिच्या मागे मी. एका म्हातारीसमोर बा शोंगा उकिडवे बसले आणि भाव विचारला. तीन शब्दांत म्हातारीनं बोलण्याचा हेल ओळखला.

"अगं बायांनो, बघा कोण आलंय! पूर्वेचा आहे! काय रे उंदीरखाऊ, ह्याला मासा म्हणतात. शेपटीला धरून गिळायचा नसतो, काटे असतात ह्याला!"

बा शोंगांचा चेहरा जो उजळला! सकाळपासून तहानलेल्या माणसाला कुणी पाणी दाखवावं तसा. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, बोट उचललं, तोंड उघडलं.

"ए बाई!" बाना चिबेसा कडाडली. "तोंड सांभाळ. मोठ्या माणसाशी असं बोलतात? लाज वाटत नाही?"

म्हातारी बघतच राहिली. "अगं, तू बेम्बाच ना? न्गोनी आहे तो, आपला सोयरा. मी त्याला वाट्टेल ते बोलेन."

"आज नाही," बाना चिबेसा म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या काखेतल्या दुसऱ्या चितेंगेकडे पाहिलं. मग तिनं हळूच स्वतःच्या डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं आणि मान खाली घातली. बा शोंगांचं बोट अजून वरच होतं. ते त्यांनी खाली घेतलं.

बराच वेळ ते उकिडवेच बसून राहिले. पंक्चर काढताना ते ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठून येतो ते बघत बसत, तसे.

"भाऊ की जाइलोस?" त्यांनी विचारलं.

मी माशांकडे बघू लागलो.

"भाऊ चिपाटात आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि आपण म्पिकाच्या रस्त्याला."

बाना चिबेसानं तोंडावर हात घेतला. ते उठले. गुडघ्याची माती झटकली, एक गुडघा, मग दुसरा. वर बसच्या खिडकीतून मॅडम आमच्याकडे बघून उसनं हसत होत्या.

"मला कळलंय हे मॅडमना सांगू नका," बा शोंगा म्हणाले. "बिचारीनं केवढी खटपट केलीय. आणि तिकडे व्याही शब्द जुळवून बसले असतील. त्यांना सांगू दे."

"बा शोंगा..." मी म्हणालो.

"चला. ड्रायव्हर हॉर्न देतोय."

त्यानंतर म्पिकापर्यंत त्या माणसानं जे केलं ते मी पुन्हा कुठे बघेन असं वाटत नाही. बसमध्ये चढताच त्यांनी पोलिसाची टोपी काढून डोक्यावर घातली आणि ड्रायव्हरची झडती घेतली. मग मॅडमची नक्कल केली, खडू आपटण्यासकट. शिक्षकांचं हसणं आता खरं होतं. पोट धरून हसत होते लोक, क्षणभर विसरूनही गेले असतील. मॅडम स्वतः हसल्या. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "बघितलंत? काही कळलेलं नाही त्यांना. देवाची कृपा." बाना चिबेसा काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत होती. तिच्या पाठीकडे बघून बा शोंगा मध्येच एकदा म्हणाले, "ही का गप्प? बहुतेक झाडावर नातेवाईक दिसला." तिचे खांदे हलले. सगळ्यांना वाटलं, हसली.

म्पिकात बस एका घरापुढे थांबली. घरातलं सगळं सामान, मर्तिकाला काढतात तसं, बाहेर आंब्याखाली काढून ठेवलेलं होतं, कपाट, खुर्च्या, गादी. पुरुष विस्तवाभोवती बसले होते. एवढी मर्तिकं केलेला माणूस. हे घर कशाचं आहे ते त्याला लांबूनच कळतं. बा शोंगांनी थंड पेयांचं खोकं दोन्ही हातांनी उचललं, खाली उतरले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे हे गुप्त ठिकाण! जाइलोसचं घर! मॅडम, कमाल केलीत!"

विस्तवाभोवतीचे पुरुष उठले. बा चिलेक्वांनी पुढे होऊन त्यांच्या हातातलं खोकं घ्यायचा प्रयत्न केला. बा शोंगांना ते सोडवेना. तसंच खोक्यासकट त्यांना आत नेऊन स्टुलावर बसवलं. एका बाजूला भाऊ बसला, नुकताच पोचलेला, चेहऱ्यावर अजून रस्त्याची धूळ. बा चिलेक्वांनी रीतीप्रमाणे आधी पावसाचं विचारलं. मक्याचं विचारलं. बा शोंगांनी सांगितलं, मका बरा आहे. मग म्हातारा म्हणाला, "तुमचं मूल आजारी होतं. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. दवाखान्यानं आपलं केलं. ते आपल्याला राहिलं नाही."

बा शोंगा स्टुलावरून पडले. ते पडणं खोटं नव्हतं. भावानं धरलं म्हणून डोकं वाचलं. बाटल्या सगळ्या जमिनीवर गडगडल्या. बायकांनी इतका वेळ घशात धरून ठेवलेला आक्रोश सोडला, आणि त्या आवाजात बाना चिबेसाचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती द्यायची होती. स्मशानात खड्ड्याभोवती म्पिकाची माणसं उभी राहिली आणि त्यांनी आमच्याकडे बघितलं. न्गोनी माणसाचं मर्तिक, आणि समोर बसभर बेम्बा. व्याहीही बेम्बाच, पण मुलगी दिलेल्यांना थट्टा चालत नाही. तेव्हा सोयरे आम्हीच. आमच्यातल्या कुणीतरी आता खड्ड्यात उडी मारायची होती. जाइलोस बोलताना डाव्या हातानं कान खाजवायचा, ते सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी नुसता कान खाजवला असता तरी पुरलं असतं.

बा शोंगा भावाच्या आधारानं उभे होते. ते पेटीकडे बघत नव्हते. ते आमच्याकडे बघत होते.

बाना चिबेसा दोन पावलं पुढे गेली. "हे उंदीरखाऊ..." ती म्हणाली, आणि तिचा तो दणदणीत आवाज मध्येच मोडला. तिनं पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली. शिंपी जमिनीकडे बघत होते. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. पोलिसानं टोपी काढून छातीशी धरली होती, झेंडावंदनाला धरतात तशी.

अवघडलेपण मोडावं म्हणून मॅडमनी स्तोत्र सुरू केलं. आवाज गोड होता त्यांचा. सगळ्यांनी साथ धरली आणि त्या सुरात पेटी खाली गेली. एवढं शिस्तीत, एवढं सभ्य मर्तिक आमच्या मुलखात कुणी पाहिलं नसेल. स्तोत्राची सगळी कडवी म्हणून होईपर्यंत बा शोंगा आमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली.

महिन्याभरानं ते कासामाला परतले. झाडाखाली पुन्हा सायकली उलट्या दिसू लागल्या. शाळेतही आले, उशिरा. मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "या बाबा, बसा. दमला असाल." वर्गानं सरकून जागा दिली. बा शोंगा दारातच थोडे उभे राहिले. "गाढव होतं, मॅडम," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे कसे ओले झाले. ते बसले, तास संपेपर्यंत बसले, आणि नंतर शाळेत आले नाहीत.

आमच्या गल्लीतल्या पुढच्या मर्तिकाला त्यांना निरोपच गेला नाही. "त्यांना कशाला त्रास," असं ठरलं. तरी ते आले आणि मागे पुरुषांत बसले. कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

मी एकदा गुलगुले घ्यायला उभा होतो तेव्हा ते कढईपाशी आले. "काय गं माकडखाऊ, आजही करपवलेस?" त्यांनी विचारलं. आवाज मुद्दाम मोठा होता. बाजार क्षणभर थांबला. मला वाटलं, आता. आता ही झारा उचलणार. बाना चिबेसानं कढईतून गुलगुले काढले, कागदावर ठेवले, वर आणखी दोन ठेवले. "घ्या बा शोंगा," ती म्हणाली. "गरम आहेत, सांभाळून." ते कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी वरचे दोन उचलून परत तिच्या परातीत ठेवले, खालच्यांचे पैसे दिले आणि गेले.

मागाहून बाना चिबेसा मला म्हणाली, "शिवी तोंडाशी येते हो. पण मग तो पूल आठवतो, आणि जीभ उचलत नाही."

त्या पावसाळ्याआधी बा शोंगांनी झाडाखालचं सामान एका हातगाडीवर घातलं आणि लुविंगूच्या बसमध्ये चढवलं. लुविंगूही बेम्बांचंच गाव. का चाललात, असं ज्यांनी विचारलं त्यांना म्हणाले, "तिथे सायकली जास्त आहेत." पोलिसाची मेहुणी तिथे दिली आहे. ती सांगते की एक म्हातारा उंदीरखाऊ नवीन आलाय आणि गावानं त्याला पहिल्याच आठवड्यात शिव्या देऊन देऊन हैराण केलं. परवा एका मर्तिकात तो खड्ड्यात आडवा झाला तो दोन कोंबड्या घेतल्याशिवाय उठेना. मुलंबाळं काय, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "मुलं? माझं लग्न कुठे झालंय? तुम्हा बेम्बांच्या पोरी झाडावरून खाली उतरत नाहीत."

आम्ही मेहुणीला कळवलं आहे की जाइलोसबद्दल तिथे अवाक्षर काढायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात मला कामानं त्या बाजूला जावं लागलं. लुविंगूच्या बाजारात बस थांबली तेव्हा खिडकीतून ते दिसले. तोच तपकिरी कोट. एक जाडजूड बाई हातात मुसळ घेऊन त्यांच्यावर ओरडत होती आणि ते सायकल ढालीसारखी पुढे धरून तिला काहीतरी सुनावत होते. भोवती माणसं हसत होती. मला हाक मारावीशी वाटली. खिडकीची काच अर्धी उघडीच होती. मग त्यांची मान इकडे वळेल असं वाटलं, तसा मी बाकावर खाली सरकलो आणि बस हलेपर्यंत डोकं वर काढलं नाही.